वाळूच्या कड्यावर विझलेला दिवा

मित्रांनो, एका जुन्या गाडीचा मी उजवा दिवा. गाडी आता राहिलेली नाही. तिचा पत्रा गेला, चाके गेली, आणि मी एका घराच्या खिडकीत, खजुराच्या बरणीशेजारी येऊन बसलो. माझ्या काचेला तडा आहे, पाठीला गंज आहे, आणि तारा जोडल्या तरी मी आता पेटणार नाही. तरी या घरची बाई दर शुक्रवारी मला ओल्या फडक्याने पुसते. ती असे का करते, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

समुद्रापलीकडच्या एका बेटावर, कारखान्याच्या भट्टीत वाळू वितळवून माझी काच ओतली गेली. मागे चांदीसारखा चकचकीत वाडगा बसवला. मग एका माणसाने मला अंधाऱ्या खोलीत पेटवले, समोरच्या भिंतीवर पडलेला माझा पांढरा गोल पाहिला आणि मान डोलावली. त्या मान डोलावण्याने मी फार चढून गेलो. उजेड पाडणे हेच जगातले सर्वांत मोठे काम आहे आणि ते मला येते, असे मी त्या दिवशी ठरवून टाकले.

जहाजाच्या पोटात बसून मी ओमानला आलो. मस्कतमध्ये आमच्या गाडीला गिऱ्हाईक मिळाले ते मुसल्लम नावाचे. वहीबा नावाच्या वाळवंटात उंट आणि शेळ्या पाळणारा हा माणूस. त्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, उंटिणीचे दात तपासावेत तसे तोंड उघडून इंजिन पाहिले, मागच्या चाकाला लाथ घातली आणि विकणाऱ्याला विचारले, "हिची आई कोण?"

विकणारा हसला. मुसल्लम हसला नाही. ज्या जनावराची आई माहीत नाही ते जनावर त्याच्या घराण्यात आजवर कुणी दारात बांधले नव्हते. शेवटी त्याने गाडी घेतली, पण घरी आल्यावर बायकोला सांगितले, "अनाथ आहे. नीट वागव."

मित्रांनो, वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा कमी करावी लागते. चाक थोडे बसले म्हणजे उंटाच्या पावलासारखे पसरते आणि रुतत नाही. हवा किती सोडायची हे मोजायला लोकांकडे यंत्र असते. मुसल्लमकडे त्याच्या लाडक्या उंटिणीचे घराणे होते. तो काटकीने चाकाच्या हवेच्या तोंडातली सुई दाबून धरायचा आणि हवेच्या फुसफुशीबरोबर सावकाश म्हणायचा, "समहा. समहाची आई मिस्का. मिस्काची आई घजाला." मागच्या चाकांना पाचव्या नावापर्यंत, कारण ओझे मागे असते. पुढच्यांना सातव्यापर्यंत. सातवे नाव संपले की काटकी काढायची. एवढ्या वर्षांत त्याचे माप कधी चुकले नाही.

त्याची मुलगी झुवैना तेव्हा सहा वर्षांची होती. शेजारी उकिडवी बसून तीही म्हणायची. तिला पाचापर्यंत पाठ होते. पुढे तिचा धीर सुटायचा, कारण तोवर बाप उठून गाडीत बसलेला असे आणि खिडकीची जागा तिला हवी असे.

पहिल्याच रात्री माझा अपमान झाला. वाळू दिवसा सैल असते. रात्री गार झाली की आवळून धरते, म्हणून मुसल्लम लांबचा प्रवास रात्रीच करी. गावाच्या काठापासून, डोंगररांगांसारख्या दोन वाळूच्या टेकड्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यातून आम्ही निघालो. मी आणि डावा दिवा जीव तोडून उजेड पाडत होतो. पहिला मोठा चढ समोर आला, आकाशात चंद्र होता, आणि मुसल्लमने कळ फिरवली. आम्ही दोघे विझलो.

झुवैना घाबरली. म्हणाली, "बाबा, दिवे गेले."

"गेले नाहीत, घालवले. या दिव्याला पंधरा हात दिसतं. मला त्या पलीकडच्या टेकडीवर कान खाजवणारी शेळी दिसते."

"कुठंय शेळी?"

"तू डोळे मोठे करेपर्यंत गेली ती."

मुलगी हसली. मी नाही हसलो. कारखान्यातल्या माणसाने मान डोलावलेला मी, आणि ऐन कामाच्या वेळी मला झोपवले होते. विझलेल्या दिव्याला काहीच दिसत नाही, अशी माझी समजूत होती, म्हणून मी काही पाहिलेच नाही. तोंड फुगवून बसलो.

अशी सोळा वर्षे गेली. आम्ही पाण्याची पिंपे वाहिली, शर्यतीचे उंट वाहिले, एकदा एक अख्खी नवरी तिच्या पेट्या आणि तीन रडणाऱ्या मावश्यांसकट वाहिली. झुवैनाची आई शैखा येता-जाता ओढणीच्या टोकाने माझी काच पुसायची. डावा दिवा शमीच्या एका फांदीने फुटला आणि त्याच्या जागी दुसराच, जरा पिवळा पडणारा, आला. हमरस्त्यावर सगळे माझी तारीफ करत. वाळूत मात्र, चंद्र असला की, मी विझलेला.

झुवैना शिकली, बिदिया गावातल्या शाळेत शिक्षिका झाली, तिथेच तिचे घर झाले. नवरा महिन्यातले वीस दिवस कामासाठी मस्कतला. इकडे मुसल्लमच्या डोळ्यांवर दुधावरच्या सायीसारखी साय धरू लागली. एके दिवशी तो गाडी घेऊन तिच्या दारात आला आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. म्हणाला, शेळी दिसेनाशी झाली.

तिने त्याला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी राजधानीत चलण्याचा आग्रह केला. तो नको म्हणाला. ती दर महिन्याला आग्रह करायची, तो दर महिन्याला नको म्हणायचा. शेवटी एका दुपारी, वाळूतल्या बापाच्या तळावर, झावळ्यांच्या झोपडीबाहेर, तिचा तोल गेला.

मित्रांनो, या लोकांत एक रीत आहे. दोघे भेटले की आधी एकमेकांची खबर विचारायची. "खबर काय?" "सगळं खैर. तुमची?" "सगळं खैर." घर जळाले असले तरी आधी खैर, म्हणजे कुशल, असेच म्हणायचे. मग बसायचे, खजूर खायचा, कहवा म्हणजे बिनदुधाची कॉफी प्यायची, आणि त्यानंतर खरे काय ते बोलायचे. वाईट बातमी उभ्या माणसाच्या अंगावर फेकायची नाही, असा त्यामागचा विचार. ज्याची खबर विचारली नाही, तो परका.

त्या दुपारी झुवैना बापाला म्हणाली, "तुम्हाला माझं ऐकायचंच नसेल, तर पुन्हा माझी खबर विचारू नका."

मुसल्लमने मान खाली घातली. वाळूत बोटाने काहीतरी रेघोटी काढली. ती गाडीत बसली आणि तिने मला भर उन्हात पेटवले. कळ कोणती फिरवते आहे याकडे तिचे लक्षच नव्हते.

त्यानंतर सात महिने ती तळावर गेली नाही. आईचे निरोप पाण्याच्या टाकीवाल्याबरोबर येत, तिचे जात. मी तिच्या अंगणात ताडपत्रीखाली उभा होतो. नवरा घरी आला की इंजिन तेवढे फिरवून ठेवी. कोंबड्या गाडीच्या बॉनेटवर बसत. माझ्या काचेवर धुळीचा असा थर बसला की मला दिवस आणि संध्याकाळ यांतला फरक कळेना.

मग हुमैद आला. झुवैनाच्या काकाचा मुलगा, बोलायला तिखट, वागायला रीतीचा पक्का. त्याची गाडी वाळूच्या काठाशी तापून बंद पडली होती आणि तो चालत आला होता. संध्याकाळची नमाज नुकतीच झाली होती. दारात उभा राहून त्याने खबर विचारली, दिली. सगळं खैर. झुवैनाने खजूर मांडला. त्याने तीन खजूर खाल्ले, कहव्याचे दोन पेले घेतले. तिने शाळेतल्या मुलांच्या तक्रारी सांगितल्या, त्याने आपल्या गाडीच्या. तिसरा पेला झाला, तेव्हा त्याने पेला डावीकडे-उजवीकडे हलवून पुरे म्हणून खूण केली आणि मग म्हणाला, "मुसल्लमकाका चार दिवस काही खात नाहीत. काल संध्याकाळपासून बोलणंही बंद केलंय. तुझ्या आईनं मला पाठवलं."

झुवैना उठून उभी राहिली. "आणि तू इथं बसून कहवा पितोयस?"

"काय करू? दारात ओरडू?"

तिने किल्ली उचलली. तिला ठाऊक होते, त्याच्या जागी तिनेही तेच केले असते. तीन पेल्यांचा वेळ मात्र गेला होता.

ताडपत्री ओढली गेली. कोंबड्या उडाल्या. तिने घाईघाईने बाहीने माझी काच पुसली, आणि सात महिन्यांनी मी पेटलो. किती आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटले, आता माझी गरज लागली.

एरवी तळावर जाताना नवरा यंत्राने हवा मोजून सोडायचा, पण तो आणि यंत्र दोन्ही मस्कतला होते. वाळूच्या काठाशी तिने गाडी थांबवली आणि माझ्याच उजेडात काटकी शोधली. मागची दोन चाके पाच नावांत झाली. पुढच्या चाकाशी ती अडली. समहा, मिस्का, घजाला, फर्हा, तैयारा, आणि सहावी झबिया. सातवे नाव आठवेना. काटकी दाबलेली, हवा फुसफुसत चाललेली, आणि ती ओठ हलवत तशीच बसली.

हुमैद म्हणाला, "चाक भुईला टेकलं, तरी तुझी उंटीण काही सापडत नाही."

"तुला आठवतं का?"

"मला माझ्या आजीच्या आईचं नाव आठवत नाही. माझ्या लग्नात ती नाचली होती म्हणतात."

सहाव्यानंतर अंदाजाने थोडे थांबून तिने काटकी काढली, दुसऱ्या चाकाचेही तसेच केले आणि निघाली.

सपाट पट्टा संपला. पहिली टेकडी तिने माझ्या उजेडात पार केली. दुसरी समोर आली. मित्रांनो, वाळूच्या टेकडीची एक बाजू लांब उताराची असते आणि दुसरी एकदम तुटलेली, भिंतीसारखी. आम्ही लांब बाजूने चढत होतो. मी समोर सगळे पांढरे करून टाकले होते. चढ पांढरा, वाट पांढरी, खड्डा पांढरा. मला वाटत होते, केवढा उजेड पाडतो आहे मी. मग समोरचे पांढरे संपले. माझा उजेड पुढे गेला आणि कशावरच पडला नाही.

झुवैनाने ॲक्सिलरेटरवरचा पाय मागे घेतला. गाडी पोटावर टेकली आणि थांबली. पुढची चाके हवेत हळूहळू फिरत होती.

ती उतरली, कडेपर्यंत दोन पावले आली आणि मागे झाली. खाली पंधरा-वीस माणसे एकावर एक उभी राहतील एवढा कडा होता. माझा उजेड त्यावरून सरळ अंधारात गेला होता. त्यात एक पतंग भिरभिरत होता. इतकी वर्षे मी ज्याचा गर्व केला, त्याच उजेडाने तिला तिथवर आणले होते.

हुमैद गाडीखाली शिरून पोटाखालची वाळू हातांनी ओढू लागला. म्हणाला, "बॅटरी संपेल. दिवे घालव."

तिने कळ फिरवली.

आधी काहीच नव्हते. काळोख असा होता की कुठे वर आणि कुठे खाली हे कळेना. दोघांच्या हातांचा वाळूत खरखरणारा आवाज तेवढा होता. मग, अगदी सावकाश, आकाश आले. मी याआधी शेकडो वेळा विझलो होतो आणि रुसून बसलो होतो, म्हणून मी हे कधी पाहिले नव्हते. चांदण्या वर होत्या, आणि खाली, वाळूच्या कडेपर्यंत होत्या. जिथे चांदण्या संपत तिथे टेकडी सुरू होई. टेकड्यामागून टेकड्या, एखाद्या मोठ्या झोपलेल्या जनावराच्या फासळ्यांसारख्या, पार दिसेनाशा होईपर्यंत. वारा कड्यावरून वाळूचा बारीक पदर ओढत होता. माझ्या काचेवर दव धरले, आणि त्या एकेका थेंबात एकेक चांदणी येऊन बसली. माझ्या उजेडाने मी एवढे सगळे झाकून ठेवत होतो.

चंद्राच्या महिन्याची एकविसावी रात्र होती. थोड्या वेळाने पूर्वेला लालसर अर्धा चंद्र वर आला. आणि मग सगळी वाळू उठून उभी राहिली. प्रत्येक टेकडीची आमच्याकडची बाजू काळी, आणि तिच्या माथ्यावर केसाएवढी उजळ रेघ. कडा कुठे आहे, किती तुटलेला आहे, आणि डाव्या हाताला तीनशे पावलांवर तो कुठे बसका होऊन उतरायला जागा देतो, हे सगळे स्वच्छ लिहिल्यासारखे दिसत होते.

हुमैद कपडे झटकत उठला. म्हणाला, "चल, लाव दिवे, मागे घेऊ."

झुवैना बराच वेळ समोर पाहत होती. मग म्हणाली, "नको. शेळी दिसते का बघते."

"काय?"

"काही नाही. बस आत."

तिने गाडी मागे घेतली, डावीकडे वळवली, बसक्या जागेवरून सरळ रेषेत खाली सोडली, ब्रेकला न शिवता. चाकांखालून वाळू पाण्यासारखी आमच्याबरोबर वाहत आली. तिसरी टेकडी. चौथी. माथा जवळ आला की ती इंजिनाला क्षणभर सैल सोडी, गाडी त्या उजळ रेघेवर श्वास घेतल्यासारखी थबके, आणि पलीकडे उतरे. हुमैदने दाराची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मी विझलेला होतो आणि डोळे भरून पाहत होतो. खाली एका खोलगट जागी शमीच्या झाडाखाली कुणाची तरी उंटीण बसली होती. तिने मान वळवून आम्हाला जाऊ दिले.

पहाटेच्या बऱ्याच आधी आम्ही तळावर पोहोचलो. झोपडीबाहेर शैखा आणि दोन शेजारणी उभ्या होत्या. गाडी अगदी जवळ आली तेव्हाच त्यांना दिसली. शैखाने मुलीचे तोंड दोन्ही हातांत धरले, आणि त्याही वेळी आधी खबर विचारली. मग आत बोट दाखवले.

झोपडीचे दार उघडे होते आणि मी त्याच्यासमोरच उभा होतो, म्हणून मला दिसले. मुसल्लम उशीला टेकून होता. फार लहान झाला होता. झुवैना त्याच्याजवळ जाऊन बसली. तिने स्वतःच त्याला खबर विचारायला बंदी घातली होती, आणि ती कशी उठवावी हे तिला कळत नव्हते.

त्याने तिच्याकडे न पाहता, कारण आता पाहणे उरले नव्हते, हात पुढे केला.

"खबर काय?"

"सगळं खैर, बाबा. तुमची?"

"सगळं खैर."

एवढे म्हणून तो थांबला. श्वास गोळा करून म्हणाला, "पुढच्या चाकांना किती?"

"सहा. सातवी आठवली नाही."

त्याच्या चेहऱ्यावर जुने हसू आले. "नुवैरा," तो म्हणाला. "झबियाची आई नुवैरा. सगळ्यांत भित्री होती. म्हणून कुठंच रुतली नाही."

शैखाने कहवा आणला. त्याने ओठ भिजवले. झुवैनाने पूर्ण पेला प्यायला. सूर्य चांगला वर आल्यावर तो गेला. तेव्हा त्याचा हात तिच्या हातात होता.

तिसऱ्या दिवशी, भेटायला आलेली माणसे पांगल्यावर, शैखा गाडीच्या बॉनेटला टेकून मुलीला त्या रात्रीची हकीकत सांगत होती. ती मी ऐकली. त्या बायकांना टेकडीवरून दूर पश्चिमेला आमचा उजेड दिसला होता, वर-खाली होत येणारा. मग तो एका जागी थांबला, आणि विझला. शेजारणी म्हणाल्या, गाडी कड्यावरून गेली. शैखा आत जाऊन नवऱ्याजवळ बसली, आणि जे दारात सांगायचे नसते ते तिने सांगून टाकले, की उजेड येत होता तो गेला.

आदल्या संध्याकाळपासून न बोललेला मुसल्लम तेव्हा बोलला होता.

"विझला? मग येतेय ती. कहवा ठेव."

झुवैनाने हे ऐकले आणि ती माझ्यासमोर वाळूत बसली. कितीतरी वेळाने तिने ओढणीचे टोक ओले केले आणि माझी काच पुसली, आईसारखी, कडेपासून मध्याकडे.

गाडी पुढे आणखी नऊ वर्षे चालली. शेवटी ती मोडीत काढली तेव्हा झुवैनाने पाना मागून घेतला आणि मला स्वतःच्या हाताने सोडवले.

मित्रांनो, माझे मागणे थोडके आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने काही ताडपत्रीखाली पडले असेल, तर त्याच्यावरची धूळ काढा. त्याला वापरणारे हात अजून असतील, तर त्या हातांपाशी जाऊन बसा आणि ते काय करतात ते शेवटपर्यंत शिकून घ्या. पाच नावांवर उठून खिडकीची जागा धरू नका. आणि घरात कुणाशी अबोला धरला असेल, तर आजच जाऊन खबर विचारा.

आज महिन्याची एकविसावी रात्र आहे. झुवैनाने घरातले सगळे दिवे घालवले आहेत आणि ती खिडकीशी, माझ्याशेजारी उभी आहे. वाळूकडे पाहत ती हळूहळू नावे घेते आहे. समहा, मिस्का, घजाला, फर्हा, तैयारा, झबिया.

चंद्र अजून यायचा आहे. सातवे नाव ती तोवर राखून ठेवते.